प्रति किलो तीन अणूंहून कमी: कृष्णद्रव्याच्या शोधातील पार्श्वसंकेतांविषयी

किरणोत्सुक

१७ जून २०२० रोजी इटलीतील ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेतून एक निष्कर्ष जाहीर झाला. तेथील झेनॉन-१-टी या शोधकात, म्हणजे कृष्णद्रव्याचा (प्रकाश न देणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचा) शोध घेणाऱ्या, झेनॉन वायूने भरलेल्या यंत्रात, एक ते सात किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या पट्ट्यात साधारण २३२ नोंदी मिळतील असे गणित सांगत होते आणि प्रत्यक्षात २८५ मिळाल्या होत्या. वरच्या ५३ नोंदींचा खुलासा काय, यावर पुढच्या काही महिन्यांत शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. सूर्यातून येणारे अ‍ॅक्सिऑन नावाचे काल्पनिक कण, न्यूट्रिनो या जवळपास कशालाही न अडखळणाऱ्या कणाचे अपेक्षेहून मोठे चुंबकीय आघूर्ण अशा आकर्षक शक्यता पुढे आल्या. झेनॉन-१-टी चालवणाऱ्या गटाने स्वतःच्या निबंधात एक तिसरी, रुक्ष शक्यताही प्रामाणिकपणे मांडली होती. झेनॉनमध्ये ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचा, अत्यल्प अंश असेल तरी एवढ्या नोंदी दिसू शकतात, असे गटाचे म्हणणे होते. अत्यल्प म्हणजे किती, तर एका किलो झेनॉनमागे ट्रिटियमचे तीनपेक्षाही कमी अणू. एका किलो झेनॉनमध्ये एकूण अणू असतात ४६ वर २३ शून्ये इतके.

त्या तीन अणूंनी मला या विषयाकडे ओढले. कृष्णद्रव्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात आकाशगंगांच्या फिरण्याचा वेग, विश्वातील त्याचे प्रमाण आणि संभाव्य कणांची नावे येतात. शोधकापाशी बसलेली माणसे मात्र आपला बहुतेक वेळ कृष्णद्रव्याचा विचार करण्यात घालवत नाहीत. ती रेडॉन, क्रिप्टॉन, शिसे, धूळ, न्यूट्रॉन आणि टेफ्लॉनच्या भिंती यांचा हिशेब मांडत असतात. कृष्णद्रव्य सोडून अशा इतर कारणांनी उमटणाऱ्या नोंदींना पार्श्वसंकेत म्हणतात. माझ्या मते या क्षेत्रातील खरे कसब तेथेच आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी यंत्र थोडक्यात सांगतो. एका उंच पात्रात उणे शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवरूप झेनॉन भरलेला असतो आणि वर झेनॉनच्याच वायूचा पातळ थर असतो. एखादा कण द्रवातील अणूवर आदळला की क्षणभर अतिनील प्रकाश चमकतो आणि काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात. विद्युतक्षेत्र त्या इलेक्ट्रॉनांना वर खेचते आणि ते वायूत शिरताना दुसरा, मोठा प्रकाश देतात. दोन चमकांमधील वेळेवरून घटना किती खोलीवर घडली ते कळते आणि दुसरी चमक वरच्या कोणत्या प्रकाशनलिकांनी पाहिली यावरून तिची आडवी जागा कळते. त्याहून मोलाची बाब म्हणजे दोन चमकांचे प्रमाण. धक्का अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनला बसला असेल, तर दुसरी चमक तुलनेने मोठी असते आणि अणुकेंद्राला बसला असेल, तर ती लहान असते. बीटा व गॅमा किरण इलेक्ट्रॉनला धक्का देतात, तर कृष्णद्रव्याचा जड कण अणुकेंद्राला धक्का देईल अशी अपेक्षा आहे. या एका कसोटीने इलेक्ट्रॉनकडच्या हजार नोंदींतील नऊशे नव्वदहून अधिक बाजूला काढता येतात. उरलेल्या मूठभर मात्र चुकून पलीकडच्या बाजूस दिसतात आणि आपण शोधत असलेली संख्या शून्याच्या आसपास असल्याने ती मूठभरही जड जाते.

बाहेरून येणाऱ्या किरणांचा बंदोबस्त त्या मानाने सोपा आहे. डोंगर म्यूऑन, म्हणजे अवकाशातील किरणांमुळे वातावरणात तयार होणारे भेदक कण, अडवतो, पाण्याची टाकी खडकातून येणारे गॅमा किरण व न्यूट्रॉन अडवते आणि झेनॉन स्वतःच इतका दाट आहे की त्याचा बाहेरचा थर आतल्या गाभ्याचे रक्षण करतो. म्हणून विश्लेषणात कडेच्या नोंदी सोडून देतात आणि मधला भागच विचारात घेतात. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, होमस्टेक या जुन्या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोलीवर असलेल्या एल.झेड. शोधकात एकूण दहा टन झेनॉन आहे. त्यातील सात टन सक्रिय आहे आणि शोधासाठी त्यातलाही साधारण साडेपाच टनांचाच गाभा वापरतात. इतका महाग पदार्थ केवळ भिंत म्हणून वापरावा लागतो, यावरूनच या कामाची निकड लक्षात यावी.

खरी अडचण आहे ती झेनॉनमध्येच विरघळलेल्या पदार्थांची, कारण त्यांच्यापासून गाभाही सुरक्षित नसतो. झेनॉन हवेतून मिळवतात आणि हवेत क्रिप्टॉन असतो. त्या क्रिप्टॉनमध्ये अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून वातावरणात आलेला क्रिप्टॉन-८५ असतो आणि त्याचे अर्धायुष्य पावणेअकरा वर्षांचे आहे. तो काढण्यासाठी ग्रान सासो येथे झेनॉनचे ऊर्ध्वपातन करतात, तर एल.झेड.साठी कोळशाच्या स्तंभातून वायू हळूहळू वाहू देऊन क्रिप्टॉन वेगळा केला गेला. क्रिप्टॉनचे प्रमाण लाख कोटी भागांत एका भागाहूनही खाली आणावे लागते. मात्र एकदा काढलेला क्रिप्टॉन, यंत्राला गळती नसेल तर, परत येत नाही.

रेडॉन परत येतो, आणि सतत येतो. प्रत्येक धातूत, प्रत्येक जोडात, प्रत्येक तारेच्या आवरणात युरेनियमचा सूक्ष्म अंश असतो. त्याच्या साखळीतील रेडियमपासून रेडॉन-२२२ तयार होतो आणि तो वायू असल्यामुळे पृष्ठभागातून सुटून झेनॉनमध्ये मिसळतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे, म्हणजे तो संपूर्ण टाकीत पसरायला पुरेसा टिकतो. त्याच्या वंशातील शिसे-२१४ हा अणू दहांतून साधारण एकदा कोणताही गॅमा किरण न सोडता केवळ बीटा कण सोडतो. सोबत गॅमा असता तर दुसरी खूण मिळाली असती. ती नसल्याने टाकीच्या मधोमध एकट्याच पडलेल्या त्या नोंदीला ओळखण्याचे साधन उरत नाही. झेनॉन-एन-टी या पुढच्या शोधकात म्हणूनच अखंड चालणारा ऊर्ध्वपातन स्तंभ बसवला गेला. रेडॉन झेनॉनपेक्षा कमी बाष्पशील असल्याने तो स्तंभाच्या तळच्या द्रवात अडकून राहतो आणि तेथेच क्षय पावतो. रेडॉनला बाहेर काढून टाकावे लागत नाही, त्याला काही दिवस थोपवून धरले की पुरते. या विचारातील साधेपणा मला फार आवडतो.

ट्रिटियमच्या गोष्टीचा शेवटही सांगायला हवा. झेनॉन-१-टी डिसेंबर २०१८ मध्येच बंद करून सुटा केला गेला होता, त्यामुळे २०२० मध्ये शंका आली तेव्हा तिची तपासणी करायला ते यंत्र उरले नव्हते. झेनॉन-एन-टी उभारताना गटाने पात्रातील हायड्रोजन व पाण्याचा अंश घालवण्यासाठी विशेष काळजी घेतली. एवढ्यावर न थांबता, ट्रिटियम उरला असेल तर त्याचे प्रमाण वाढून तो दिसावा, या हेतूने शुद्धीकरणाचा टप्पा मुद्दाम वगळून सुमारे दोन आठवडे वेगळी नोंदही घेतली. जुलै २०२२ मध्ये निकाल आला. पार्श्वसंकेत आधीच्या पाचव्या हिश्शावर आले होते आणि त्या पट्ट्यातील वाढावा नाहीसा झाला होता.

---

शाळामास्तर

अतिशय सविस्तर लेख. आमच्या शाळेतील विज्ञान मंडळात हा विषय मांडायचा आहे, म्हणून दोन शंका विचारतो. पहिली म्हणजे, खडकातच युरेनियम व थोरियम असते, मग शोधक खडकाच्या पोटात नेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे नव्हे काय? दुसरी शंका जुन्या शिशाविषयी आहे. बुडालेल्या रोमन जहाजातील शिसे अशा प्रयोगांसाठी वापरतात असे मी वाचले होते. शिसे ते शिसेच, मग जुन्यात विशेष काय?

---

किरणोत्सुक

@शाळामास्तर, पहिल्या शंकेचे उत्तर असे की दोन्ही शत्रू सारखे नाहीत. जमिनीच्या पृष्ठभागावर तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला एखाददुसरा म्यूऑन जातो आणि तो कित्येक मीटर शिसे सहज पार करतो. त्याला अडवायला शेकडो मीटर खडकच लागतो. ग्रान सासोच्या १४०० मीटर खडकाखाली हे प्रमाण पृष्ठभागाच्या सुमारे दहा लाखाव्या भागावर येते. उलट खडकातून येणारे गॅमा किरण व न्यूट्रॉन यांच्यासाठी काही मीटर पाणी पुरते. म्हणजे खाली गेल्याने आपण न अडवता येणाऱ्या शत्रूच्या बदल्यात अडवता येणारा शत्रू पत्करतो.

शिशाचे कारण असे. खनिजातून शिसे वितळवून काढताना युरेनियम व रेडियम मळीत निघून जातात, परंतु त्याच साखळीतील शिसे-२१० रासायनिकदृष्ट्या शिसेच असल्याने धातूत राहते. त्याचे अर्धायुष्य २२ वर्षांचे आहे. नवे शिसे म्हणून किरणोत्सारी असते आणि दोन हजार वर्षांपूर्वी ओतलेल्या शिशात त्यातले काहीही शिल्लक नसते. सार्डिनिया बेटाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातील शिशाच्या विटा ग्रान सासो येथील क्वोरे या प्रयोगाच्या आवरणासाठी वापरल्या गेल्या. क्वोरे हा कृष्णद्रव्याचा नव्हे, तर अणुकेंद्रांच्या एका दुर्मीळ क्षयाचा शोध घेणारा प्रयोग आहे, पण दोघांची गरज एकच आहे. विटांवरील रोमन मुद्रांकित भाग कापून जतन केले आणि उरलेला धातू वितळवला. पुरातत्त्वाच्या काही अभ्यासकांनी यावर आक्षेप घेतला आणि तो आक्षेप मला रास्त वाटतो. वस्तू एकदा वितळली की तिला पुढच्या पिढीचे प्रश्न विचारता येत नाहीत. अलीकडे पाण्याच्या टाक्यांवर भर वाढल्याने अशा शिशाची गरज कमी झाली आहे, याचे मला समाधान आहे.

---

पोफळीकर

मी जलविद्युत प्रकल्पात नोकरी केली आणि भूमिगत वीजगृहात बरीच वर्षे काढली, त्यामुळे प्रश्न थोडे त्या अंगाने आहेत. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम व थोरियम कमी असते असे आमच्याकडे येणारे भूशास्त्रज्ञ सांगत. तसे असेल तर असा शोधक आपल्या डोंगरात का असू नये? आणि कोयनेच्या परिसरात राहिल्यामुळे दुसरा प्रश्न मनात येणारच: भूकंपाच्या बारीक हादऱ्यांनी अशा नाजूक यंत्रात खोटे संकेत उमटत नाहीत काय?

---

झेनॉन५४

पोफळीकर, बेसॉल्टविषयी आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु तो फायदा दुय्यम ठरतो, कारण किरणोत्सुक यांनी सांगितल्याप्रमाणे खडकाचे गॅमा पाण्याने अडवता येतात. खोली मात्र विकत घेता येत नाही. म्यूऑन तिरकेही येतात, त्यामुळे माथ्यावरचा खडक मोजून भागत नाही, सर्व बाजूंनी तेवढे आच्छादन लागते. कळसूबाईची १६४६ मीटर ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. पायथ्यापासून मोजली तर ती पुष्कळ कमी भरते आणि शिखरही अरुंद आहे. भूमिगत वीजगृहाच्या शेजारी प्रयोगशाळा काढण्याची कल्पना मात्र आपल्या देशात गांभीर्याने विचारात घेतली गेली होती. भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेसाठी आधी निवडलेली जागा निलगिरीत सिंगारा येथे, पैकारा वीजप्रकल्पाजवळ होती. व्याघ्रक्षेत्राच्या कारणास्तव २००९ मध्ये तिला परवानगी नाकारली गेली आणि नंतर थेनी जिल्ह्यातील जागा पुढे आली.

भूकंपाचा प्रश्न आपण विचारलात याचा मला विशेष आनंद झाला, कारण त्याचे उत्तर अनपेक्षित आहे. ग्रान सासो येथील क्रेस्ट या प्रयोगात अतिशीत स्फटिक वापरतात आणि कण आदळल्यावर स्फटिकाचे तापमान किती सूक्ष्म वाढते ते मोजतात. सुरुवातीच्या काळात नीलमण्याच्या जातीचे स्फटिक वापरले जात असताना खूप जास्त नोंदी येऊ लागल्या. कोणत्याही किरणोत्साराशी त्यांचा मेळ बसेना. शेवटी लक्षात आले की स्फटिक ज्या टेकूंवर घट्ट आवळून धरला होता, तेथे त्याला अतिसूक्ष्म तडे जात होते आणि प्रत्येक तड्याची ऊर्जा कणाच्या धक्क्यासारखी नोंदली जात होती. टेकू मऊ पदार्थाचे केल्यावर त्या नोंदी थांबल्या. गटाने त्या टाकून न देता त्यांचा वेगळा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात असे दिसले की लहान-मोठ्या तड्यांची विभागणी भूकंपांच्या विभागणीशी जुळते. म्हणजे आपण कोयनेला जे किलोमीटरच्या मापात अनुभवलेत, तेच या स्फटिकाच्या कोपऱ्यात घडत होते.

आजही अतिशीत स्फटिकांच्या जवळजवळ सर्व प्रयोगांत अगदी कमी ऊर्जेकडे नोंदींची चढती रांग दिसते. स्फटिकातील व धारकातील ताण हे तिचे एक कारण मानले जाते, पण सर्व प्रयोगांना लागू पडेल असा एकच खुलासा अद्याप झालेला नाही. निरनिराळ्या गटांनी २०२१ पासून एकत्र बसून आपापल्या न समजलेल्या नोंदी एकमेकांसमोर ठेवायला सुरुवात केली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मूळ लेखात न्यूट्रॉनचा उल्लेख ओझरता आला आहे, त्यात भर घालतो. इतर बहुतेक पार्श्वसंकेत कृष्णद्रव्याची नक्कल अर्धवट करतात, पण न्यूट्रॉन ती पूर्ण करतो, कारण तोही विद्युतभाररहित आहे आणि तोही थेट अणुकेंद्राला धडकतो. शिवाय तो यंत्राच्या भागांतूनच येतो. टेफ्लॉनमध्ये फ्लोरिन असते आणि युरेनियमच्या साखळीतील अल्फा कण फ्लोरिनवर आदळला की न्यूट्रॉन सुटू शकतो. टेफ्लॉन प्रकाश उत्तम परावर्तित करते म्हणून ते वापरणे भाग असते. न्यूट्रॉनला ओळखण्याची खूण अशी की तो साधारणतः एका ठिकाणी धडकून थांबत नाही, आणि टाकीतून निसटला तरी बाहेर त्याला पकडण्यासाठी पहारेकरी बसवता येतो. एल.झेड.मध्ये झेनॉनच्या पात्राभोवती गॅडोलिनियम मिसळलेल्या द्रवाच्या टाक्या आहेत. गॅडोलिनियमने न्यूट्रॉन गिळला की गॅमा किरणांचा पुंजका निघतो आणि आतली नोंद बाद करता येते.

---

सांख्यिकी

मी भौतिकशास्त्राची नाही, संख्याशास्त्र शिकवते, म्हणून थोडा विरोधी सूर लावते. किरणोत्सुक यांनी ट्रिटियमची कथा जशी मांडली आहे तिच्यातून 'ट्रिटियमच होता' असा बोध होतो. परंतु पुढच्या यंत्रात वाढावा दिसला नाही, यावरून आधीच्या यंत्रात तो कशामुळे होता हे सिद्ध होत नाही. जुने यंत्र उरलेले नाही, तेव्हा त्या ५३ नोंदींपुढे 'कारण अज्ञात' एवढेच लिहिता येईल. नको असलेल्या नोंदीला सोयीचे नाव देऊन मोकळे होणे आणि हव्या असलेल्या नोंदीला शोध म्हणून जाहीर करणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

याच कारणासाठी मला डामा प्रयोगाचे उदाहरण अधिक बोधक वाटते. त्याच ग्रान सासोमध्ये सोडियम आयोडाइडचे सुमारे २५० किलो स्फटिक ठेवून हा गट दोन दशकांहून अधिक काळ सांगत आला आहे की नोंदींची संख्या दरवर्षी जूनच्या सुमारास किंचित वाढते आणि डिसेंबरच्या सुमारास घटते. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जूनच्या आरंभी तिचा वेग सूर्याच्या आकाशगंगेतील वेगात मिळतो, त्यामुळे कृष्णद्रव्याचा वारा थोडा जोरात लागेल, हे अनुमान त्याच्याशी जुळते. सांख्यिकीय दृष्ट्या तो चढउतार निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो पार्श्वसंकेत वजा करण्याच्या रीतीचा. डामा गट साधारण एकेका वर्षाच्या नोंदींची सरासरी काढून ती वजा करतो. समजा, पार्श्वसंकेत वर्षभर अगदी संथपणे एकाच दिशेने बदलत आहे. तर दरवर्षीची सरासरी वजा केल्यावर जे उरते ते करवतीच्या दातांसारखे दिसते, आणि विखुरलेल्या नोंदींत करवतीचे दात व लाट यांतला फरक सहज कळत नाही.

ही केवळ माझी शंका नाही. कोरियातील कोसाइन-१०० गटाने आपल्या स्वतःच्या नोंदींवर डामाची रीत जशीच्या तशी लावून पाहिली आणि त्यांना वार्षिक चढउतार मिळाला, फक्त उलट्या दिशेचा, कारण त्यांचा पार्श्वसंकेत काळाबरोबर घटत होता. यावरून डामाचा चढउतार याच कारणाने आला असे म्हणता येत नाही. त्यासाठी डामाचा पार्श्वसंकेत वाढत असायला हवा आणि तसे का व्हावे याचे सोपे कारण नाही. परंतु आधी वजा करून मग पाहणे धोक्याचे आहे, एवढे त्यातून निश्चित कळते. पार्श्वसंकेताचे काळानुसार बदलणारे रूप आणि शोधायचा संकेत दोन्ही एकाच वेळी नोंदींशी जुळवून पाहिले पाहिजेत.

---

किरणोत्सुक

@सांख्यिकी, आपला पहिला आक्षेप मी मान्य करतो. 'गोष्टीचा शेवट' हे माझे शब्द घाईचे होते. ट्रिटियम हे सर्वांत संभाव्य कारण आहे, सिद्ध झालेले नाही.

परंतु नाव देण्याच्या बाबतीत मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. नाव दिल्याने मोकळे होता येत नाही, उलट नाव दिले की परीक्षा सुरू होते. ट्रिटियम म्हटल्याबरोबर त्याची कमाल ऊर्जा १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असली पाहिजे, त्याचा क्षय सव्वाबारा वर्षांच्या अर्धायुष्याने झाला पाहिजे आणि हायड्रोजन शोषून घेणारे शुद्धीकरण वगळले की तो वाढला पाहिजे, अशी बंधने आपोआप येतात. 'कारण अज्ञात' या शब्दांवर असे कोणतेच बंधन नसते.

हे मला एका लहानशा अनुभवातून पटले. पदव्युत्तर शिक्षण घेताना मी एका प्रयोगशाळेत जर्मेनियमच्या शोधकावर मातीचे व बांधकामाच्या साहित्याचे नमुने मोजत असे. काही नमुन्यांत ६०९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा, जी रेडॉनच्या वंशातील बिस्मथ-२१४ ची असते, अवाजवी उंच येई आणि पुन्हा मोजल्यावर येत नसे. आम्ही कित्येक आठवडे नमुन्यांच्या तयारीत दोष शोधत राहिलो. अखेर वहीतील वार पाहिल्यावर उलगडा झाला: वाढीव रेषा असलेले सर्व नमुने सोमवारी सकाळी लावलेले होते. शनिवार-रविवार त्या इमारतीतील हवा खेळती ठेवणारे पंखे बंद असत आणि तळघरात रेडॉन साचत असे. नमुना निर्दोष होता आणि शोधकही निर्दोष होता. आम्ही वार लिहीत होतो, पण वाचत नव्हतो. ती वही वाचण्याआधी कोणी मला 'कारण अज्ञात' असे लिहायला सांगितले असते, तर मी ते लिहून पुढचा नमुना लावला असता.

डामाविषयी एक भर घालतो. जून-जुलैत म्यूऑनही वाढतात. उन्हाळ्यात वातावरण तापून विरळ होते, त्यामुळे वरच्या थरात तयार झालेले पायॉन नावाचे अल्पायुषी कण हवेवर आदळण्याआधीच क्षय पावून म्यूऑन देतात. ग्रान सासो येथे म्यूऑनांचे शिखर जूनच्या अखेरीस ते जुलैच्या आरंभी येते, म्हणजे डामाच्या शिखरानंतर काही आठवड्यांनी, आणि त्यांची संख्याही इतकी कमी आहे की तेवढ्याने तो चढउतार समजावता येत नाही. तरीही ऋतू बदलला की त्याच्याबरोबर शेकडो गोष्टी बदलतात, म्हणून दक्षिण गोलार्धात तोच प्रयोग करणे हा खरा उपाय आहे. तेथे ऋतू उलटे होतील, पण पृथ्वीची कक्षा तीच राहील. ऑस्ट्रेलियात स्टॉवेल येथील सोन्याच्या खाणीत सेबर हा प्रयोग याच हेतूने उभारला जात आहे. स्पेनमधील अनाइस-११२ या प्रयोगाने तोच पदार्थ वापरून सहा वर्षांच्या नोंदींत डामासारखा चढउतार सापडत नसल्याचे सांगितले आहे आणि माझा कल आता त्यांच्याकडे आहे.

---

सांख्यिकी

सोमवारचे उदाहरण पटले. मी माझे वाक्य असे सुधारते: नाव जरूर द्यावे, परंतु त्या नावाची परीक्षा घेण्याची सोय यंत्र सुटे करण्याआधी करून ठेवावी.

आणखी एक प्रश्न उरतो. विश्लेषण करणारी माणसेच नोंदी पाहून कसोट्या ठरवत असतील, तर नको ती नोंद नेमकी वगळली जाईल अशी कसोटी नकळत निवडली जाण्याचा धोका आहे. वैद्यकीय चाचण्यांत यासाठी दोन्ही बाजूंना अंधारात ठेवतात. येथे काय करतात?

---

झेनॉन५४

येथेही तसेच करतात. काही गट शोधाचा पट्टा झाकून ठेवतात आणि सर्व कसोट्या गोठवल्यानंतरच तो उघडतात. पण त्यात एक उणीव आहे. झाकलेल्या पट्ट्यातच यंत्राचा एखादा दोष असेल, तर तो उघडल्यावर कळतो आणि तेव्हा कसोटी बदलणे गैर ठरते. एल.झेड.ने २०२४ च्या निकालासाठी दुसरी रीत वापरली. खऱ्या नोंदींचेच तुकडे जोडून कृष्णद्रव्यासारख्या दिसणाऱ्या बनावट नोंदी आधीच मिसळून ठेवल्या जातात. त्या किती आणि कोणत्या, हे विश्लेषण करणाऱ्यांना ठाऊक नसते. या क्रियेला ते 'मीठ टाकणे' म्हणतात. एखादी संशयास्पद नोंद कडक कसोटीने कापावी असा मोह झाला, तर आपण मीठही कापत आहोत की काय, ही धास्ती राहते. कसोट्या निश्चित झाल्यावरच मीठ कोणते ते उघड करून काढून टाकतात. ऑगस्ट २०२४ मध्ये २८० दिवसांच्या नोंदींचा निकाल याच रीतीने आला आणि त्यात पार्श्वसंकेतांपलीकडे काही सापडले नाही.

---

मुलुंडची_वाचक

हा धागा शांतपणे दोनदा वाचला. भारतात असे काम झाले आहे किंवा सुरू आहे काय, हे जाणून घ्यायला आवडेल. माझे वडील मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांच्या कोलारच्या खेपांविषयी सांगत असत, म्हणून विचारते.

---

किरणोत्सुक

कोलारचे नाव घेतलेत हे योग्यच झाले, कारण खोल खाणीतील शांततेचा अर्थ जगाला शिकवणाऱ्या जागांमध्ये कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींची गणना होते. टाटा संस्थेच्या वैज्ञानिकांनी तेथे निरनिराळ्या खोलींवर म्यूऑन मोजले. सर्वांत खोल ठिकाणी सुमारे दोन महिने यंत्र चालवूनही एकही म्यूऑन मिळाला नाही. दुसऱ्या कोणी ते अपयश मानले असते. या गटाने त्यातून असा निष्कर्ष काढला की येथे म्यूऑन नाहीत, तर वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो येथे दिसू शकतील. मग ओसाका व डरहॅम येथील गटांसह सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर शोधक बसवले गेले आणि १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद झाली. दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीतही त्याच वर्षी तसाच शोध लागला. पुढे प्रोटॉनच्या क्षयाचा शोधही कोलारलाच घेतला गेला. २००१ मध्ये खाणी बंद झाल्या. ती जागा हातची गेली याची खंत या विषयातील अनेकांना वाटते आणि मलाही वाटते.

सध्या झारखंडमध्ये जादुगुडा येथील युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेच्या पुढाकाराने २०१७ पासून एक प्रयोगशाळा आहे. युरेनियमच्या खाणीत पार्श्वसंकेत कमी करायचे म्हणजे काय, असे कोणालाही वाटेल. तेथील इन्डेक्स या प्रयोगाचे तंत्रच याचे उत्तर आहे. मोटारीच्या वातानुकूलनात वापरल्या जाणाऱ्या टेट्राफ्लुओरोइथेनचे सूक्ष्म थेंब एका जेलमध्ये अतितप्त अवस्थेत ठेवतात. हा द्रव उकळायला टेकलेला असतो, पण उकळत नाही. अणुकेंद्राला बसलेला धक्का फार थोड्या जागेत ऊर्जा ओततो आणि थेंबाचा बुडबुडा होतो. बीटा व गॅमा यांची ऊर्जा लांबवर पसरते, त्यामुळे योग्य तापमान राखले तर त्यांच्याने बुडबुडा होत नाही. येथे गॅमा वजा करावे लागत नाहीत, कारण यंत्राला ते दिसतच नाहीत. उरतात ते अल्फा आणि न्यूट्रॉन. कॅनडातील सडबरी येथे दोन किलोमीटर खोलीवर असलेल्या स्नोलॅबमध्ये याच तत्त्वावरील पिको प्रयोग बुडबुडा होतानाचा आवाज ऐकतो आणि अल्फा कणाचा बुडबुडा मोठ्याने वाजतो, यावरून तो वेगळा काढतो.

---

शाळामास्तर

शेवटचा प्रश्न विचारतो, कारण मुले हाच विचारतील. हे सर्व पार्श्वसंकेत काढता काढता शून्यावर येतील असा दिवस येणार आहे काय?

---

किरणोत्सुक

नाही, कारण एका पार्श्वसंकेताला कोणतीच भिंत अडवू शकत नाही. सूर्याच्या गाभ्यात बोरॉन-८ च्या क्षयातून निघणारे न्यूट्रिनो डोंगर, पाणी, शिसे सर्व पार करून झेनॉनच्या अणुकेंद्राला हलका धक्का देतात आणि तो धक्का प्रोटॉनच्या सुमारे सहापट वस्तुमानाच्या कृष्णद्रव्यकणाच्या धक्क्यासारखाच दिसतो. २०२४ मध्ये झेनॉन-एन-टी आणि चीनमधील जिनपिंग प्रयोगशाळेतील पांडा-एक्स-४-टी या दोन्ही शोधकांत त्याची पहिली चिन्हे दिसली. झेनॉन-एन-टीमध्ये इतर कारणांनी सुमारे २६ नोंदी अपेक्षित होत्या आणि ३७ मिळाल्या. हा अद्याप निर्णायक पुरावा नाही, पण दोन स्वतंत्र यंत्रांत एकाच सुमारास तो दिसावा, याला महत्त्व आहे. झेनॉन वाढवला तर कृष्णद्रव्याच्या संभाव्य नोंदींबरोबर न्यूट्रिनोच्या नोंदीही त्याच प्रमाणात वाढतात.

दोघांत फरक करण्याच्या वाटा मात्र आहेत. सूर्याचे न्यूट्रिनो जानेवारीच्या आरंभी, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा, अधिक येतात आणि कृष्णद्रव्याचा वारा जूनमध्ये वाढायला हवा. दुसरी वाट दिशेची आहे. कमी दाबाच्या वायूत धक्का बसलेले अणुकेंद्र मिलिमीटरभर रेघ उमटवते आणि ती रेघ वाचता आली तर धक्का कोठून आला ते कळते. असे शोधक अजून फार लहान आहेत, कारण विरळ वायूत पुरेसे अणू गोळा करायचे तर यंत्र प्रचंड मोठे करावे लागते. पण मुलांना रात्रीच्या आकाशाखाली नेऊन हे दाखवता येईल: सूर्य आपल्यासह आकाशगंगेत हंस तारकासमूहाच्या दिशेने चालला आहे, म्हणून कृष्णद्रव्याचा वारा हंसाकडून येईल, आणि वर्षभर राशींमधून फिरणारा सूर्य हंसात कधीच जात नाही.